तपासा, पण आम्हांस विचारून

तपासणीस आमचा विरोध नाही. अंबडहून जालन्याच्या बाजारास दुचाकीवरून येणाऱ्या सत्तरीच्या शेतकऱ्यास समोरचा ट्रक दिसतो की नाही, हे पाहिलेच पाहिजे. रस्ता त्याच्या एकट्याचा नव्हे. आमचा राग निराळ्याच गोष्टीवर आहे.

चाळिशीनंतर वाहन-परवान्यास 'नमुना १-अ'चा वैद्यकीय दाखला लागतो. पंचवीस मीटरांवरून गाडीची नंबरपाटी वाचता येते का, लाल-हिरवा ओळखतो का, रातांधळेपणा आहे का, असे साधे प्रश्न त्यात आहेत. आमच्यापैकी एकास डॉक्टरांनी मान वर न करताच सहीशिक्का दिला. ही सवलत नव्हे, उपेक्षा होय. दुसऱ्या एकाच्या मुलाने डॉक्टरांशी परस्पर बोलून घेतले आणि "बाबा, आता पुरे" म्हणत चावी कपाटात टाकली. दोन्हीकडे म्हाताऱ्यास कोणी विचारलेच नाही!

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम १६ आजारामुळे परवाना रद्द करू देते. परंतु कलम १७ नुसार कारणे लेखी कळवावी लागतात व तीस दिवसांत अपील करता येते. कपाटातल्या चावीविरुद्ध अपील कोठे करावयाचे?

उपचारापूर्वी रुग्णास पुरेशी माहिती देऊन संमती घ्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात बजावले. तो प्रश्न शस्त्रक्रियेचा होता, हे खरे. पण तपासणी कशासाठी आणि निष्कर्ष कोणाच्या कानी जाणार, एवढे सांगावयास डॉक्टरांस कितीसा वेळ लागतो? आणि चिरंजीवांनी हेही सांगावे, की शेवटची एसटी निघून गेल्यावर बाबांनी गावी परतावे कसे?