गुडघ्याचे दुखणे आणि सायकलचा गिअर

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस एक निवृत्त शिक्षक माझ्या साताऱ्यातील दवाखान्यात आले. वय 61, अंगकाठी सडपातळ, सात वर्षांचा मधुमेह. पण तो एका गोळीवर आटोक्यात राहिलेला. माझ्या मुलांना त्यांनी गणित शिकवले, म्हणून आमच्या घरी सारेच त्यांना ‘सर’ म्हणतात. तक्रार उजव्या गुडघ्याची होती. वाटीच्या मागे दुखते, जिना उतरताना अधिक दुखते, मांडी घालून बसल्यावर उठताना कळ येते. गुडघ्याला सूज नव्हती, सांधा मोकळा होता, एक्स-रे वयाला साजेसा होता. मी पॅरासिटामॉल लिहून दिले, मांडीच्या स्नायूंचे दोन व्यायाम दाखवले आणि ‘काही दिवस सायकल बंद ठेवा’ असे सांगून मोकळा झालो.

महिन्याने सर पुन्हा आले. गुडघा थोडा बरा होता. परंतु उपाशीपोटीची साखर 118 वरून 146 वर गेली होती. ‘‘डॉक्टर, सायकल सुटली की माझे सगळेच सुटते हो,’’ ते म्हणाले. तेव्हा कुठे मला सुचले की या माणसाचा गुडघा आपण तपासला, पण तो गुडघा रोज दीड तास ज्या यंत्राला जोडलेला असतो ते यंत्र पाहिलेच नाही. दुसऱ्या दिवशी मी त्यांना सायकल घेऊन बोलावले.

सायकल मोठी देखणी. त्यांच्या धाकट्या भावाने 1987 साली इंग्लंडहून परतताना आणलेली, पोलादी चौकटीची, वाकड्या हँडलची. पुढे 52 आणि 42 दात्यांची दोन चक्रे, मागे 14 पासून 28 दात्यांपर्यंत सहा. गिअर बदलण्याच्या दोन दांड्या हँडलवर नव्हेत, तर चौकटीच्या खालच्या तिरप्या नळीवर. आणि त्या दांड्यांना केबलच नव्हती! वर्षभरापूर्वी केबल गंजून अडकली, तेव्हा कोण्या कारागिराने ती काढून टाकली आणि ‘‘एकाच गिअरवर चालवा, काही बिघडत नाही’’ असे सांगितले. केबल नसली की गिअर बदलणाऱ्या यंत्रणेतील स्प्रिंग साखळीला मागच्या सर्वांत लहान चक्रावर नेऊन ठेवते. म्हणजे सर वर्षभर 42 आणि 14 या एकाच जोडीवर चढउतार करीत होते.

याचा गुडघ्याशी संबंध काय, हे सरांनीच माझ्या औषधाच्या चिठ्ठीमागे मांडले. चाकाचा परीघ सुमारे 2.1 मीटर. 42 भागिले 14, म्हणजे पेडलच्या एका फेऱ्यात चाक तीनदा फिरणार आणि सायकल 6.3 मीटर पुढे जाणार. मंद चढावर ताशी 12 किलोमीटर वेग धरला तर मिनिटाला 200 मीटर, म्हणजे जेमतेम 32 फेरे. तोच चढ मागच्या 28 दात्यांच्या चक्रावर चढला तर एका फेऱ्यात 3.15 मीटर आणि मिनिटाला 63 फेरे. वेग तोच, श्रम तेच; पण ते दुप्पट फेऱ्यांत वाटले जात असल्याने प्रत्येक दाबामागचा जोर निम्म्यावर येतो. गुडघा वाकलेला असताना मांडीचा स्नायू जितक्या जोराने आवळला जातो, तितकी वाटी मागच्या हाडावर दाबली जाते. सरांचे दुखणे नेमके तिथलेच. सपाट रस्त्यावर मिनिटाला 70 ते 90 फेरे बहुतेकांना मानवतात; चढावर 60 च्या खाली फार वेळ राहू नये.

फ्रान्समधील ‘टूर द फ्रान्स’ या शर्यतीचे संस्थापक आंरी देग्रांज यांचे मत होते की बदलते गिअर ही पंचेचाळिशी ओलांडलेल्यांची सोय आहे. खऱ्या वीराने स्नायूंवर जिंकावे. त्या शर्यतीत गिअर बदलणाऱ्या यंत्रणेला 1937 मध्ये परवानगी मिळाली. माझी पंचेचाळिशी केव्हाच सरली असल्याने मला त्यांचा टोमणा मान्य आहे, आणि सोयही.

एका रविवारी आम्ही दोघांनी माझ्या अंगणात ती सायकल उलगडली. पाने, पक्कड, पेचकस, थोडे ग्रीस आणि 1.2 मिलिमीटर जाडीच्या दोन नव्या गिअर केबल एवढेच साहित्य. जुन्या सायकलींचे काम नव्यांपेक्षा सोपे असते. परंतु क्रम चुकला की सगळे चुकते. बहुतेक लोक प्रथम केबल ताणतात. ती सर्वांत शेवटी ताणायची.

आधी साखळी मोजावी. तिच्या 24 कड्यांची लांबी बरोबर 12 इंच हवी. एक सोळांश इंच वाढली तर साखळी बदलावी, एक अष्टमांश वाढली तर मागची चक्रेही झिजली असे समजावे. मग सायकलच्या मागे बसून पाहावे. मागची गिअर बदलणारी यंत्रणा, जिला सायकलवाले डिरेलर म्हणतात, तिची दोन छोटी चक्रे वरच्या दातेरी चक्राच्या रेषेत उभी दिसली पाहिजेत. तिरकी दिसली तर सायकल कधीतरी उजव्या अंगावर पडली आहे आणि डिरेलर धरणारा कान वाकला आहे. पोलादी कान जाणकार कारागीर सरळ करून देतो. वाकलेल्या कानावर कितीही स्क्रू फिरवा, गिअर नीट बसणार नाहीत.

यानंतर डिरेलरवरचे दोन छोटे स्क्रू. त्यांच्याजवळ बहुधा एच आणि एल अशी इंग्रजी अक्षरे असतात. हे गिअर ‘लावत’ नाहीत. साखळीने कुठवर जावे याची केवळ कुंपणे घालतात. केबल जोडण्यापूर्वीच एचचा स्क्रू असा फिरवावा की डिरेलरचे वरचे छोटे चक्र सर्वांत लहान दातेरी चक्राच्या बरोबर खाली येईल. मग पेडल फिरवत, हाताने डिरेलर आत ढकलत, साखळी सर्वांत मोठ्या चक्रावर न्यावी आणि एलचा स्क्रू असा बसवावा की ती तिथे सहज चढेल, पण पलीकडे जाणार नाही. हे कुंपण सैल राहिले तर साखळी चक्र आणि चाकाचे आरे यांच्या फटीत घुसते. बारा वर्षांपूर्वी यवतेश्वरच्या घाटात माझ्याच हाताने लावलेल्या गिअरने मला हे शिकवले. कोपरावरचा वण अजून आहे. म्हणून एलचा स्क्रू मी आता तीनदा तपासतो.

आता केबल. उजवी दांडी पूर्ण पुढे सारावी, केबल ओवावी, पेडलच्या धुरीखालच्या खोबणीतून मागे न्यावी. याच खोबणीत वर्षानुवर्षांचा चिखल साचतो आणि केबल अडकते ती इथेच; ती स्वच्छ करून ग्रीसचा बारीक थर द्यावा. मागच्या वळणावरचा आवरणाचा तुकडाही नवा घालावा. मग केबल हाताने ताठ ओढून बोल्ट आवळावा. डाव्या दांडीचे, म्हणजे पुढच्या यंत्रणेचे, तंत्र तसेच. तिचा पिंजरा मोठ्या चक्राच्या दात्यांपासून दोनेक मिलिमीटर वर आणि त्याला समांतर असला की अर्धे काम झाले.

1984 नंतर टप्प्याटप्प्याने ‘कट’ असा आवाज करीत बसणारे गिअर रूढ होऊ लागले. सरांच्या सायकलीला ते नाहीत. तिथे दांडी केवळ घर्षणावर थांबते आणि अचूक जागा कानाने शोधावी लागते. खरखर ऐकू आली की दांडी केसभर सरकवायची. दांडीच्या मुळाशी एक स्क्रू असतो. तो सैल असेल तर ऐन चढावर गिअर आपोआप जड होतो. तेव्हा दांडी जागेवर राहील, पण अंगठ्याला झुंजावे लागणार नाही, इतका तो आवळावा. अशा सायकलीला नवे टप्प्यांचे गिअर बसवण्याचा मोह अनेकांना होतो. दांडी, डिरेलर आणि चक्रांमधील अंतर ही तिन्ही एकमेकांस जुळल्याशिवाय ते चालत नाहीत, आणि सहा चक्रांच्या जुन्या चौकटीत मागच्या चाकासाठी बहुधा 126 मिलिमीटरच जागा असते. नवी चाके त्याहून अधिक मागतात. मी सरांना जुनेच ठेवायला सांगितले.

जाता जाता बैठकही पाहिली. ती जवळजवळ तीन सेंटिमीटर खाली होती. पेडल तळाशी असताना टाच त्यावर ठेवली तर पाय सरळ व्हावा, ही घरगुती कसोटी पुरते. बैठक खाली असली की गुडघा अधिक वाकतो आणि वाटीवरचा भार आणखी वाढतो.

मात्र एवढे ध्यानात ठेवावे: गुडघा सुजला, मध्येच अडकला, भार देताच दगा देऊ लागला, रात्री झोपेतून उठवू लागला किंवा सोबत ताप आला, तर सायकलीकडे नव्हे, डॉक्टरांकडे जावे.

सरांना पहिले दोन आठवडे मी फक्त सपाट रस्ता आणि हलका गिअर एवढीच मुभा दिली. दीड महिन्याने जिना उतरताना होणारे दुखणे बरेच कमी झाले, पूर्ण गेलेले नाही. साखर 121 आहे. मधल्या काळात ते एकदा अचानक दवाखान्यात आले, तेव्हा मला वाटले गुडघा पुन्हा चाळवला. तसे नव्हते, साखळी मोठ्या चक्रावर चढेनाशी झाली होती. नवी केबल आणि तिचे आवरण पहिल्या काही दिवसांत जागेवर बसतात आणि ताण ढिला होतो. रुग्ण संपल्यावर बोल्ट सोडून मी ती तीन मिलिमीटर ओढून घेतली, आणि सर कोरेगावच्या रस्त्याला लागले.