परवान्याआधी हात तपासा

पिस्तुलाच्या परवान्याचं नूतनीकरण करताना माणसाचे कागद तपासले जातात, त्याचे हात कुणी तपासत नाही. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पोलीस पडताळणी, सगळं फायलीला लागतं. पण ज्या वस्तूसाठी ही फाईल टेबलावरून टेबलावर फिरते, ती त्याला धडपणे रिकामी तरी करता येते का, हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नाही आणि माझ्या ओळखीच्या एकाही परवानाधारकाला विचारलेला मी ऐकला नाही.

मी मुळशी तालुक्यातल्या कोळवणचा. फौजेच्या ईएमई या यंत्रदुरुस्ती दलात आर्मरर होतो. युनिटमधल्या हत्यारांची देखभाल आणि दुरुस्ती हीच माझी नोकरी. घरी वडिलांच्या मागे वारसाहक्काने आलेलं एक पिस्तूल आहे, बेल्जियमच्या एफएन कंपनीचं, ब्राउनिंगच्या १९१० च्या नमुन्याचं, .३२ बोरचं. वडील मुंबईत एका पेढीवर रोकड सांभाळायचे. मुळशी-मावळातून डबे पोचवायला मुंबईला गेलेल्या माणसांतलेच ते, पुढे मालकाचा विश्वास बसला आणि तिजोरीपाशी आले. रोकड घेऊन फिरायचं म्हणून रीतसर परवाना काढून त्यांनी ते घेतलं. निवृत्तीनंतर पिस्तूल आणि परवाना दोन्ही गावी आले. फौजेतली ही नोकरी आणि घरचं पिस्तूल यांमुळे आता खोऱ्यातली परवानाधारक मंडळी अडलं की माझ्याकडे येतात. मी त्यांच्या हत्याराला हात लावत नाही. दुरुस्ती हे परवाना असलेल्या डीलरचं काम. मी समोर बसतो आणि त्यांच्याच हातून करून घेतो. तिथे जे पाहिलं, त्यावरून हे लिहितो आहे.

आपल्याकडे सर्वसामान्य परवानाधारकाकडे पिस्तूल असतं ते बहुतेक पोलादी सांगाड्याचं. त्याला कारण आहे. ९ एमएम हा बोर सामान्य नागरिकाला बंद. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून खासगी माणसाला परदेशी हत्यार आयात करणंही बंद झालं, सवलत राहिली ती मुख्यतः नामांकित नेमबाजांना. ऑस्ट्रियाच्या ग्लॉकने प्लास्टिकच्या सांगाड्याची पिस्तुलं जगभर नेली ती त्याच दशकात, पण ती आपल्या गावातल्या कपाटापर्यंत आली नाहीत. म्हणून इथे बहुतेक एक तर बापजाद्यांची जुनी विलायती पिस्तुलं आहेत, नाहीतर सरकारी आयुध कारखान्यांतली .३२ बोरची.

पोलादाचे गुण मी नाकारत नाही. फौजेत आमच्याकडे ९ एमएमचं ऑटो पिस्तूल होतं, ब्राउनिंग हाय-पॉवरच्या घडणीचं, ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनलेलं. तेरा गोळ्यांचं मॅगझिन, रिकामं असतानाच जवळजवळ नऊशे ग्रॅम वजन. ते वजन कमरेला जाणवतं, पण गोळी सुटते तेव्हा तेच वजन हात फार उडू देत नाही. आणि नीट राखलं तर पोलाद माणसापेक्षा जास्त टिकतं. जॉन ब्राउनिंग १९२६ मध्ये गेले. त्यांचं अर्धवट राहिलेलं काम दियुदोने सैव्ह यांनी पुरं केलं आणि १९३५ मध्ये ते पिस्तूल बाजारात आलं. इतक्या जुन्या घडणीची पिस्तुलं मी नोकरीत रोज उघडली आणि जोडली. चांगलं हत्यार सहसा दगा देत नाही. दगा होतो तो धरणाऱ्याच्या अज्ञानामुळे.

एक उदाहरण देतो. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आमच्या खोऱ्यात फार्महाऊस बांधून राहतात. शिस्तीचा माणूस. रोज रात्री पिस्तुलातून मॅगझिन काढायचं, ते एका कपाटात, पिस्तूल दुसऱ्या कपाटात, दोन्हींना कुलूप. मला म्हणाले, "आमच्याकडे नातवंडं येतात, म्हणून मी रिकामंच ठेवतो." मी म्हणालो, "बोट चापापासून लांब ठेवा, नळी त्या दगडी भिंतीकडे धरा आणि स्लाइड पूर्ण मागे ओढा." त्यांनी पिस्तुलाचा तो वरचा सरकता भाग ओढला. आतून एक काडतूस उडालं आणि सतरंजीवर पडलं. त्यांच्या पत्नी चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या, त्या तिथेच थांबल्या. दिवाळीत कधीतरी त्यांनी पिस्तूल भरून स्लाइड ओढली होती. त्यानंतर मॅगझिन रोज निघत राहिलं, नळीच्या मागच्या चेंबरमध्ये चढलेली गोळी मात्र तिथेच राहिली. म्हणजे इतके महिने कुलपात होतं ते भरलेलं पिस्तूल.

मॅगझिन काढलं की पिस्तूल रिकामं झालं, ही समजूत माझ्या पाहण्यातली सगळ्यांत घातक. रिव्हॉल्व्हरचं चक्र बाहेर काढलं की सगळी घरं डोळ्यांना दिसतात. सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल आपली एक गोळी पोटात लपवून ठेवतं. त्यात माझ्याकडच्या नमुन्याला बाहेरून दिसणारा घोडा नाही, त्यामुळे ते ताणलेलं आहे की नाही हे पाहून कळत नाही. काही पिस्तुलांत मॅगझिन काढल्यावर चाप चालत नाही. माझ्याकडचं तसंच आहे, हाय-पॉवरही तसंच. पण अमेरिकन १९११ किंवा रशियन टोकारेव्हच्या घडणीत ही सोय नाही, आणि मूळ टोकारेव्हला तर हाताने लावायची सेफ्टीही नव्हती. एका पिस्तुलावर बसलेली सवय दुसऱ्यावर जीवघेणी ठरू शकते, आणि हे मालकाला सांगायला परवान्याच्या कागदावर जागा नाही.

दुसरा प्रश्न आमच्या पावसाचा. कोळवणला आवणीच्या दिवसांत कपाटातल्या कपड्यांनाही बुरशी धरते. मालक हौसेने चामड्याचं होल्स्टर घेतात आणि पिस्तूल त्यातच घालून कपाटात ठेवून देतात. चामडं ओल धरून ठेवतं. ऑगस्टमध्ये एका शेतकऱ्याने पिस्तूल बाहेर काढलं, तर होल्स्टरची शिवण जिथे टेकत होती तिथे स्लाइडवर गंजाची सरळ रेघ उमटली होती. मुठीजवळ, जिथे तळव्याचा घाम लागतो, तिथला निळसर मुलामा उडून तांबूस ठिपके आले होते. वरचा गंज पुसता येतो. नळीच्या आत खड्डे पडले की ते भरून निघत नाहीत.

याला उपाय अगदी साधा. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा पिस्तूल रिकामं करावं आणि चेंबरमध्ये बघून, बोट घालून खात्री करावी. मग उघडून कोरड्या सुती फडक्याने पुसावं, नळीतून ब्रश फिरवावा आणि तेलाचा पातळ हात द्यावा. तेल चोपडून ठेवू नये, त्यात धूळ बसते आणि ते काडतुसापर्यंत उतरतं. माझ्या पिस्तुलात स्प्रिंग नळीभोवतीच बसलेली असते आणि तोंडाशी एक गोल टोपी तिला धरून ठेवते. ती टोपी दाबून फिरवताना अंगठा निसटला, तर स्प्रिंग थेट तोंडावर येते. हे एकदा कुणीतरी शेजारी बसून दाखवावं लागतं. इतकी वर्षं पिस्तूल बाळगूनही ते कधीच न उघडलेले मालक मी पाहिलेत.

तिसरी गोष्ट सरावाची. जमिनीच्या व्यवहारातला एक ओळखीचा माणूस नेहमी कमरेला पिस्तूल लावून फिरतो. त्याला मी रेंजवर घेऊन गेलो. पहिली गोळी सुटली, दुसरी अडकली. पुन्हा ओढलं, पुन्हा अडकली. मॅगझिन कायम गच्च भरून ठेवलेलं, त्याचे ओठ फाकलेले, काडतुसं जुनी, आणि मनगट ढिलं. सेमी-ऑटोमॅटिकची स्लाइड गोळीच्या धक्क्याने पूर्ण मागे जाऊन पुढे यायला मुठीचा भक्कम आधार लागतो. मूठ सैल असेल तर पिस्तूल अर्ध्यावर अडकतं. त्या माणसाचा सारा भरवसा ज्या वस्तूवर होता, ती गरजेच्या क्षणी एकच गोळी देणार होती. ती कुठे लागली असती, तेही कागदावरच्या छिद्रावरून दिसत होतं. कोल्हापूरच्या नेमबाज राही सरनोबतने २०१८ मध्ये जकार्ता-पालेम्बांगच्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्णपदक जिंकलं. तिच्यामागे वर्षानुवर्षांचा रोजचा सराव होता. आमचा परवानाधारक मात्र वर्षभरात एकही गोळी न झाडता स्वतःला सज्ज समजतो.

मुळशीत हे बोलणं जास्त गरजेचं आहे. १९२१ मध्ये इथल्या शेतकऱ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, तेव्हा लढाई जमीन वाचवण्याची होती. पुढे हिंजवडीत आयटी पार्क आला, डोंगरांवर बंगले चढले, जमिनीला भाव आला आणि जमिनीभोवतीची भांडणंही वाढली. शेतीसंरक्षणासाठी बंदूक ठेवणारे जुने लोक आमच्याकडे होतेच. रानडुक्कर भातात शिरलं तर पिस्तुलाचा काही उपयोग नसतो, हे त्यांना ठाऊक होतं. पिस्तूल आलं ते माणसांच्या धाकाने, आणि हळूहळू माणसांना धाक घालण्यासाठी. जुलै २०२४ मध्ये याच तालुक्यातल्या धडवली गावचा व्हिडिओ साऱ्या महाराष्ट्राने पाहिला. जमिनीच्या वादात हातात पिस्तूल घेऊन शेतकऱ्यांना धमकावल्याच्या आरोपावरून पौड पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल झाला, अटकही झाली. निवाडा न्यायालय करील. पण तो व्हिडिओ पाहताना माझी नजर त्या हातावर होती. समोर माणसं उभी असताना परवानाधारकाच्या हातात पिस्तूल येतंच कसं?

कायदा याबाबतीत गप्प नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल होल्स्टरमध्येच ठेवावं लागतं. याच नियमांत अर्जदाराच्या सुरक्षा प्रशिक्षणाची आणि हत्यार घरी सुरक्षित ठेवण्याच्या हमीची तरतूद आहे. २०१९ च्या दुरुस्तीने लग्न-मिरवणुकीत हवेत गोळी झाडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. त्याच दुरुस्तीने एका माणसाकडच्या हत्यारांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं केली. म्हणजे पूर्वी तीन वर्षांनी होणारी भेट आता पाच वर्षांनी होते. मग ती भेट तरी खरी परीक्षेची असायला हवी.

काही जण म्हणतात, असली पिस्तुलं सरकारजमा करून टाका. मला ते पटत नाही. आडवाटेच्या वाडीवर एकटं राहणाऱ्या म्हाताऱ्या जोडप्याला रात्री फोन केल्यावर मदत पोचायला वेळ लागतो, पावसात आणखी लागतो. ज्याला खरोखर धोका आहे आणि ज्याचं वागणं सरळ आहे, त्याला कायद्याने दिलेला हक्क राहू द्यावा. काही परवानाधारक उलट बाजूने म्हणतात, गुन्हे होतात ते मध्य प्रदेशातून येणाऱ्या गावठी कट्ट्यांनी, आम्हाला कशाला छळता? कट्टेवाल्यांना पोलिसांनी पकडावंच. पण घरातल्या कपाटातून नातवाच्या हाती लागणारी गोळी बेकायदा कट्ट्यातली नसते. ती रीतसर परवान्यावर घेतलेली असते.

म्हणून गृह विभागाकडे आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे माझ्या तीन मागण्या आहेत. पहिली, प्रत्येक नूतनीकरणाच्या वेळी परवानाधारकाची प्रत्यक्ष परीक्षा घ्या. पिस्तूल रिकामं करून दाखवणं, उघडून जोडणं आणि कागदी लक्ष्यावर मोजक्या गोळ्या झाडणं. दहा मिनिटांचं काम आहे. वारसाहक्काने हत्यार मिळालेल्यांनाही हीच परीक्षा लावा, कारण बापाची सवय मुलाच्या हातात आपोआप उतरत नाही. दुसरी, पोलिसांची रेंज महिन्यातून एक दिवस परवानाधारकांसाठी पैसे घेऊन खुली करा, आणि तिथे झाडलेल्या काडतुसांचा हिशेब परवान्यावरच्या कोट्यापासून वेगळा ठेवा. आज मुळशीतल्या माणसाला सराव करायचा म्हटलं तरी जवळ सहज जागा मिळत नाही. सरावासाठी शेतात गोळी झाडली तर तो गुन्हा ठरू शकतो, आणि ठरायलाच हवा. तिसरी, निवडणुकीच्या आचारसंहितेत हत्यारं जमा करून घेताना मालकाला ती तेल लावून, कोरड्या पिशवीत बांधून देण्याची मुभा द्या आणि पावतीवर हत्याराची स्थिती लिहा. महिनोन्महिने पडून गंजलेली पिस्तुलं परत आलेली मी पाहिली आहेत, आणि तशीच ती पुन्हा कमरेला लागलेलीही पाहिली आहेत.

हे नियम येतील तेव्हा येतील. तोवर परवानाधारक भावा-बहिणींनो, एवढं करा. आज संध्याकाळी मुलाबाळांना दुसऱ्या खोलीत पाठवा, नळी भक्कम भिंतीकडे धरा, बोट चापाबाहेर ठेवा, मॅगझिन काढा, स्लाइड मागे ओढून धरा आणि चेंबरमध्ये स्वतःच्या डोळ्यांनी बघा. हे करताना हात चाचरला, तर आधी जाणत्या माणसाकडून शिकून घ्या. तोपर्यंत ते पिस्तूल परवानाधारक डीलरकडे रीतसर जमा करून ठेवा. त्यात कमीपणा काही नाही.