जोडून घ्यायचं तिकीट, तोडून घ्यायचं तिकीट



हुबळी-धारवाडच्या मराठी घरांची हल्ली साधारण अशी स्थिती आहे. मूळ गाव सांगली-कोल्हापूरकडे, लेक पुण्याला, आणि मुलगा नाहीतर भाचा इंग्लंडात. त्यामुळे आम्हा ज्येष्ठांच्या गप्पांत दोन रेल्वे येतात. एक मिरज-पुण्याची आणि दुसरी लंडन-बर्मिंगहॅमची. सहा महिने तिकडे राहून आलेले लोक तिथली एक युक्ती सांगतात : तिकीट तोडून घ्या, स्वस्त पडतं. ती इकडे चालते का, असं तारिहाळला दोघा-तिघांनी मला विचारलं. जन्म बँकेत गेल्यामुळे असले हिशेब माझ्याकडे येतात. आज तो हिशेब मांडतो आणि त्याच्या जोडीनं माझं एक मतही सांगतो. मत पटलं नाही तरी हिशेब उपयोगी पडेल.

आधी विलायतेचं बघू. तिथं १९९३ च्या कायद्यानं रेल्वेचं खासगीकरण झालं आणि गाड्या वेगवेगळ्या कंपन्यांकडे गेल्या. भाडं निव्वळ किलोमीटरवर ठरत नाही. कुठल्या दोन स्टेशनांमधला प्रवास, ऑफिसच्या गर्दीची वेळ की निवांत वेळ, तिकीट किती आधी काढलं, यावर ते ठरतं. त्यामुळे कधीकधी पूर्ण प्रवासाच्या एका तिकिटापेक्षा तुकड्या-तुकड्यांची दोन तिकिटं स्वस्त पडतात. लंडन-ब्रिस्टल प्रवासात मधल्या डिडकॉट स्टेशनवर तिकीट तोडायचं, हे त्याचं नेहमीचं उदाहरण. गाडीतून उतरायचंही नाही. त्याच गाडीत, त्याच खुर्चीवर बसून राहायचं. फक्त खिशात एकाऐवजी दोन तिकिटं. अट एवढीच, की जिथं तिकीट तोडलं तिथं गाडी थांबली पाहिजे. हे पूर्ण नियमात बसतं. अशी जोड शोधून देणारी अ‍ॅप्सही तिकडे आहेत.

आता आपल्याकडचं. इथं ही युक्ती बरोबर उलटी बसते. आपल्या रेल्वेचं मूळ भाडं अंतरावर आहे, आणि अंतर वाढेल तसा किलोमीटरमागचा दर उतरत जातो. रेल्वेवाले त्याला टेलिस्कोपिक दर म्हणतात. इन्कम टॅक्सचे टप्पे उलटे लावले की जे होईल, तेच. हुबळी ते पुणे साधारण ५६० किलोमीटर, आणि मिरज बरोब्बर मध्यावर. हुबळी-मिरज एक आणि मिरज-पुणे दुसरं, अशी दोन तिकिटं घेतलीत तर दोन्ही वेळा पहिल्या, महाग टप्प्यापासून मोजणी सुरू होते. शिवाय आरक्षणाचा आकार दोनदा : स्लीपरला २० रुपये, थ्री टियर एसीला ४०. गाडी सुपरफास्ट असेल तर तो अधिभारही दोनदा : स्लीपरला ३०, एसीला ४५. म्हणून आपल्याकडे तिकीट जोडून घ्यावं. तोडलं की खिसा कापला.

जोडण्याचे आणखी दोन फायदे आहेत, ते आपल्या पिढीला ठाऊक होते, नव्या पिढीला कुणी सांगितले नाहीत. पहिला, प्रवासखंड. ५०० किलोमीटरपेक्षा लांबच्या तिकिटावर, पहिले ५०० किलोमीटर झाल्यावर, वाटेत एकदा उतरून दोन दिवस मुक्काम करता येतो. हजाराच्या वर अंतर असेल तर दोनदा. म्हणजे हुबळीहून मुंबईचं तिकीट काढून पुण्याला लेकीकडे दोन दिवस राहा आणि त्याच तिकिटावर पुढं जा. मात्र हे काम मोबाइलवर करू नका. खिडकीवर जाऊन, दोन्ही टप्प्यांचं आरक्षण सांगून करून घ्या. राजधानी-शताब्दीसारख्या गाड्यांना ही सोय नाही. दुसरा फायदा चक्राकार तिकिटाचा. जिथून निघायचं तिथंच परत यायचं आणि वाटेत जास्तीत जास्त आठ ठिकाणी उतरायचं. मार्ग आधी रेल्वेच्या वाणिज्य विभागाकडून ठरवून घ्यावा लागतो, पण लांब पल्ल्याचा दर मिळतो. कुलदैवत, तिरुपती, काशी असं फिरणाऱ्या घरांना याचा चांगला उपयोग आहे.

नातवंडांबद्दलही सांगतो. पाच वर्षांखालच्या मुलाला वेगळा बर्थ नको असेल तर तिकीट लागत नाही. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला बर्थ हवा असेल तर एप्रिल २०१६ पासून पूर्ण भाडं, नको असेल तर अर्धं. आणि आपल्यासाठी : खालच्या बर्थचा ज्येष्ठांचा कोटा हवा असेल तर एका तिकिटावर एक किंवा दोनच ज्येष्ठ ठेवा. सगळं कुटुंब एका तिकिटावर घातलंत तर तो कोटा लागत नाही, मग वरचा बर्थ आला म्हणून कुरकुर करून उपयोग नाही.

गंमत अशी, की बसचं तिकीट मात्र आपल्याकडे विलायतेसारखं तोडूनच स्वस्त पडतं. कारण मध्ये राज्याची सीमा आहे. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत राज्यातल्या बायकांना साध्या सरकारी बसमधून राज्याच्या हद्दीत फुकट प्रवास आहे. महाराष्ट्रात मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना निम्मं भाडं, तेही त्या राज्याच्या हद्दीत. त्यामुळे हुबळीची एखादी वहिनी बेळगावमार्गे निपाणीपर्यंत शून्य रुपयांत पोचते. तिथं पिशव्या घेऊन उतरायचं, लाल एसटी गाठायची, कागलपासून पुढं अर्धं भाडं. थेट हुबळी-कोल्हापूर बसमध्ये बसली तर हा हिशेब जमत नाही. पन्नाशीतल्या बाईला हे जमतं. पंचाहत्तरीतल्या बाईनं भर उन्हात निपाणीच्या स्टँडवर उभं राहून वाचवलेले पैसे, माझ्या मते, नफ्याच्या बाजूला लिहू नयेत.

इथंच माझ्या मताकडे येतो. स्वस्त तिकीट मिळवण्यासाठी माणसाला हुशार असावं लागणं, हीच मुळात चुकीची गोष्ट आहे.

आपल्या भागात रेल्वे आली ती सदर्न मराठा रेल्वेनं, एकोणिसाव्या शतकाच्या ऐंशीच्या दशकात. तिचं मुख्य ठाणं धारवाडला होतं. मीटरगेजचे दिवस तुमच्यापैकी अनेकांना आठवत असतील. सत्तरच्या दशकापासून मिरजेच्या पलीकडे रुंद रूळ आणि अलीकडे अरुंद, त्यामुळे पुण्याला जाताना मिरजेला गाडी बदलणं आलंच. ट्रंक, होल्डॉल, फिरकीचा तांब्या, हाताला धरलेली पोरं, अशी सगळी वरात एका फलाटावरून दुसऱ्या फलाटावर. नव्वदच्या दशकात आपल्याकडचे रूळ रुंद झाले आणि ती यातायात संपली. पण गाडी बदलली तरी तिकीट एकच असे. पुठ्ठ्याचं, छापील, पंचानं भोक पाडलेलं. त्यावर जो आकडा, तोच शेजारच्या प्रवाशाच्या तिकिटावर. व्यापारी असो की शाळामास्तर, एका वर्गाचा एक दर. महिनाभर आधी काढा की आदल्या दिवशी, तोच दर. कुणाला कुणाचा हेवा नसे, आणि फसल्याची रुखरुख नसे.

ती स्थिती हळूहळू बदलते आहे. २०१४ मध्ये प्रीमियम तत्काळ आलं : मागणी वाढली की भाडं वाढणार. ९ सप्टेंबर २०१६ पासून राजधानी, शताब्दी, दुरांतोला फ्लेक्सी भाडं लागलं : दर दहा टक्के जागा भरल्या की मूळ भाडं दहा टक्क्यांनी वर, दीडपटीपर्यंत. १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० वर आली. दलालांना आळा म्हणून हे ठीकच आहे, पण तारीख लक्षात ठेवून सकाळी फोन घेऊन बसण्याचं काम वाढलं. ज्याच्या घरात चपळ बोटांचा नातू, त्याला साधं तिकीट. ज्याच्या घरात नाही, त्याला तत्काळ. विलायतेच्या तिकिटांतला गुंता आपण असा थोडा थोडा घरात घेतो आहोत, पण तिथली चांगली गोष्ट मात्र घेत नाही.

ती चांगली गोष्ट म्हणजे सीनिअर रेलकार्ड. साठ वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही ते विकत मिळतं. २०२५ मध्ये त्याची वर्षाची किंमत ३५ पौंड झाली. ते दाखवलं की बहुतेक तिकिटांवर एक तृतीयांश सूट. लंडनच्या आसपास सकाळच्या गर्दीत ते चालत नाही, एवढं पथ्य. आपल्यासारखा पाहुणा पासपोर्ट दाखवून ते घेऊ शकतो. खासगी कंपन्यांच्या राज्यातही ही सूट टिकली. तिकडे साउथ वेस्टर्न रेल्वे नावाची एक रेल्वे आहे, लंडनच्या वॉटर्लू स्टेशनवरून सुटणारी. २५ मे २०२५ ला ती सरकारनं परत ताब्यात घेतली. आपल्याकडेही साउथ वेस्टर्न रेल्वेच आहे, मुख्यालय इथं हुबळीत, गदग रोडला. नाव एकच. पण हुबळीचा म्हातारा वॉटर्लूच्या खिडकीवर म्हातारा मानला जातो, आणि हुबळीच्या खिडकीवर नाही.

आपल्याकडे साठीच्या पुरुषांना ४० टक्के आणि अठ्ठावन्नच्या पुढच्या बायकांना ५० टक्के सवलत होती. कोरोनात, २० मार्च २०२० ला ती थांबवली. तेव्हा लोकांनी, विशेषतः म्हाताऱ्यांनी, प्रवास करू नये हा हेतू होता, तो योग्यही होता. साथ गेली, गाड्या भरून वाहू लागल्या, सवलत परत आली नाही. दिव्यांग, काही आजारांचे रुग्ण आणि विद्यार्थी यांच्या सवलती चालू आहेत, आणि त्या असायलाच हव्यात.

सरकारची बाजू सांगतो, कारण एकतर्फी ताळेबंद मला मांडता येत नाही. रेल्वेमंत्र्यांनी संसदेत सांगितलं, की १०० रुपये खर्चाच्या सेवेमागे प्रवाशाकडून ५४ रुपयेच घेतले जातात, म्हणजे प्रत्येकालाच ४६ टक्के सूट आहे. मुद्दा खोटा नाही. पण ती सूट तिशीतल्या आयटीवाल्यालाही आहे. वृद्धापकाळासाठी वेगळं काय, याचं उत्तर त्यात नाही. माहिती अधिकारात मिळालेल्या आकड्यांनुसार मार्च २०२० ते मार्च २०२२ या काळात ७ कोटी ३१ लाख ज्येष्ठ प्रवाशांकडून सवलत नसल्यामुळे सुमारे १,५०० कोटी रुपये जादा मिळाले. भागाकार करून बघा, माणशी २०५ रुपये पडतात.

दोनशे रुपयांनी काय होतंय, असं आपल्यापैकी पेन्शनवाले म्हणतील. आपल्याला काही होत नाही, खरं आहे. पण आमच्या ओळखीच्या एक काकू आहेत. नवऱ्यामागं तुटपुंजं कुटुंबवेतन. वर्षातून दोन-तीनदा पुण्याला बहिणीकडे एकट्या जायच्या, स्वतःच्या पर्समधल्या पैशांनी. जाण्या-येण्याचं तिकीट आणि बहिणीच्या नातवाला खाऊ, एवढं त्यात बसायचं. आता बसत नाही. मुलाला मागितले तर तो देईल, नाही म्हणणार नाही. पण मागावं लागतं, म्हणून त्या जात नाहीत. कुणी गाडीनं निघालं तर "मलाही घ्या" म्हणतात. सवलत गेली तेव्हा त्यांचं नुसतं भाडं वाढलं नाही. न विचारता निघण्याची मुभा गेली.

रेल्वेविषयक संसदीय स्थायी समितीनं निदान स्लीपर आणि थ्री टियर एसीत तरी ज्येष्ठांची सवलत परत आणण्याचा विचार करावा, अशी शिफारस केली आहे. मी एक पाऊल पुढं जाऊन म्हणतो, फुकट काही मागू नका. विलायतेसारखं कार्ड मागा. वर्षाला ठरावीक फी, आधारशी जोडलेलं, फक्त स्लीपर आणि थ्री टियरला, एक तृतीयांश सूट. दिवाळी आणि मे महिन्याच्या गर्दीत चालणार नाही, अशी अट घालावी. ज्याला प्रवास करायचा तोच कार्ड घेईल, फी आधीच रेल्वेच्या खात्यात जमा होईल, आणि ज्याला गरज नाही तो घेणारच नाही. बँकेच्या भाषेत सांगायचं तर यात बुडीत खातं होण्याची भीती फार थोडी.

निर्णय दिल्लीत होतो, हे मला कळतं. पण रेल्वेचं एक मुख्यालय आपल्या गावात आहे, प्रवाशांच्या सल्लागार समित्या आहेत, आपले खासदार आहेत. ज्येष्ठ नागरिक संघ आणि मराठी मंडळांनी मिळून एक पानाचं निवेदन द्यावं. एक पानच, कारण दुसरं पान कुणी वाचत नाही. मसुदा मी कन्नड आणि इंग्रजीत करून देतो, सह्या तुम्ही गोळा करा.

आणि तोवर, पुण्याला जायचं असेल तर तिकीट अखंड काढा. मिरजेला तोडू नका.