तीस वर्षे वरिष्ठ सभागृहात

१४ मे २०२५ रोजी भूषण रामकृष्ण गवई यांनी भारताच्या सरन्यायाधीशपदाची शपथ घेतली. त्या पदावर बसणारे ते पहिले बौद्ध. २३ नोव्हेंबर २०२५ रोजी ते निवृत्त झाले. त्या सहा महिन्यांत आपल्या वस्त्यांतून त्यांचे नाव अभिमानाने घेतले गेले, आणि ते योग्यच झाले. परंतु याच काळात एक गोष्ट आमच्या ध्यानी आली व ती आम्हांस बोचली. तळेगाव दाभाड्याच्या स्टेशन भागातून रोज पहाटे चाकणच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या आपल्या तरुणांस सरन्यायाधीशांचे नाव ठाऊक आहे. त्यांचे वडील कोण, असे विचारले तर ‘कोठेसे राज्यपाल होते’ यापलीकडे उत्तर येत नाही. नवदीक्षित कुटुंबांची तर याहून अडचण. गवई आणि गायकवाड हे दोघेही ‘दादासाहेब’. तेव्हा एकाचे कार्य दुसऱ्याच्या नावावर जमा होते. हा दोष तरुणांचा नव्हे. आपण पुतळ्यांची आणि जयंत्यांची दप्तरे नीट ठेवतो, सभागृहातील कामाचे दप्तर मात्र कोणी उघडीत नाही. ते आज थोडे उघडावयाचे आहे.

रामकृष्ण सूर्यभान गवई यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९२९ रोजी अमरावती जिल्ह्यातील दारापूर येथे झाला. १९६४ साली ते महाराष्ट्र विधानपरिषदेत गेले आणि १९९४ पर्यंत, म्हणजे तीस वर्षे, त्या सभागृहात राहिले. १९६८ ते १९७८ ते उपसभापती होते, १९७८ ते १९८२ सभापती होते आणि १९८६ ते १९८८ विरोधी पक्षनेते होते. पुढे १९९८ साली ते अमरावतीहून लोकसभेवर निवडून गेले, २००० ते २००६ राज्यसभेत राहिले, आणि त्यानंतर बिहार व केरळ या राज्यांचे राज्यपाल झाले. २५ जुलै २०१५ रोजी नागपुरात त्यांचे निधन झाले. राज्यपालपदाविषयी आम्ही येथे लिहिणार नाही. त्या पदास मान पुष्कळ असतो. पण माणसाची परीक्षा तेथे क्वचितच होते. आपला विषय त्या तीस वर्षांपुरता आहे.

प्रथम हे विचारू की, बाबासाहेबांच्या पक्षाचा एक कर्तबगार कार्यकर्ता विधानसभेऐवजी विधानपरिषदेत का दिसतो? याचे उत्तर एका व्यक्तीच्या आवडीनिवडीत शोधून भागणार नाही. ते कायद्यात आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता मर्यादित केला. १९५६ साली शीखांचा त्यात समावेश झाला. त्याच वर्षी, १४ ऑक्टोबर रोजी, नागपुरात लाखो लोकांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, आणि कायद्याच्या दृष्टीने त्या लाखोंचे राखीव जागांवरील हक्क त्याच क्षणी संपुष्टात आले. हे केवळ पुस्तकातले म्हणणे नव्हे. १९६२ च्या निवडणुकीत नागपुरातील राखीव जागेवर निवडून आलेले डी. पी. मेश्राम यांची निवड, त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला आहे या एका कारणास्तव, १९६४ साली सर्वोच्च न्यायालयात रद्द ठरली. दीक्षाभूमीवर जो उभा राहिला तो राखीव जागेवर उभा राहू शकत नाही, हा त्या निकालाचा अर्थ. ही कोंडी १९९० पर्यंत टिकली. त्या साली बौद्धांस अनुसूचित जातीत स्थान देणारी दुरुस्ती संसदेने केली.

म्हणजे १९५६ पासून १९९० पर्यंत, चौतीस वर्षे, जो मनुष्य कागदावरही प्रामाणिकपणे बौद्ध राहिला त्याला विधिमंडळात जाण्याच्या दोनच वाटा होत्या. एक, सर्वसाधारण मतदारसंघातून बहुसंख्य सवर्ण मतदारांसमोर उभे राहणे. दुसरी, विधानपरिषद, जेथे राखीव जागा नाहीत आणि म्हणून धर्माचा अडसरही नाही. मेश्रामांची निवड ज्या वर्षी रद्द ठरली त्याच वर्षी गवई परिषदेत गेले. हा योगायोग असेल. पण तो ध्यानात ठेवण्याजोगा योगायोग आहे. तुमच्यापैकी ज्यांच्या आजोबांनी मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर जुन्या जातीचेच नाव राहू दिले, त्यांना घाबरट म्हणण्यापूर्वी ही चौतीस वर्षे आठवा. राज्य शासनाने १९६० नंतर नवबौद्धांस शिक्षणाच्या व नोकरीच्या काही सवलती दिल्या हे खरे. परंतु केंद्राचे दार आणि राखीव जागेचे दार बंदच होते.

आता दुसरी बाजू. ती झाकून ठेवणे आमच्या धर्मास शोभणार नाही.

विधानपरिषदेत जाण्यास जनतेचे थेट मत लागत नाही. एक तृतीयांश सभासद विधानसभेचे आमदार निवडतात, एक तृतीयांश नगरपालिका, जिल्हा परिषदा आदी स्थानिक संस्थांचे सभासद निवडतात, एक द्वादशांश पदवीधर, एक द्वादशांश शिक्षक, आणि उरलेले एक षष्ठांश राज्यपाल नेमतात. आजच्या हिशेबाने बोलावयाचे तर २८८ आमदार आणि अकरा जागा असतील तर एका उमेदवारास चोवीस-पंचवीस मते हवीत. रिपब्लिकन पक्षाचे विधानसभेतील बळ हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच राहिले. तेव्हा ज्यांच्यापाशी मते नाहीत, परंतु ज्यांस सभागृहात राहावयाचे आहे, त्यांस दुसऱ्या पक्षाच्या सद्भावावर विसंबावे लागते. तीस वर्षांच्या या आसनाखाली काँग्रेसशी असलेल्या स्नेहाचा पाया होता, हे त्यांचे चाहतेही नाकारणार नाहीत. रिपब्लिकन पक्ष ३ ऑक्टोबर १९५७ रोजी स्थापन झाला आणि पुढे कांबळे, खोब्रागडे, गवई अशा माणसांच्या नावांनी त्याचे गट ओळखले जाऊ लागले. पक्षाच्या नावापुढे कंस आणि कंसात नेत्याचे नाव! बाबासाहेबांनी माणसाच्या विभूतिपूजेविरुद्ध घटना समितीत इशारा दिला होता, आणि त्यांच्याच अनुयायांच्या पक्षाला कंसांची मालिका लागली. यात गवईंचा वाटा आहे. तो आम्ही कमी करून सांगणार नाही.

येथे सांगोल्याचे गणपतराव देशमुख यांची आठवण होते. शेतकरी कामगार पक्षाचे हे आमदार १९६२ साली प्रथम विधानसभेत गेले आणि अकरा वेळा निवडून आले. १९७२ साली पडले, १९९५ साली अवघ्या १९२ मतांनी पडले, पुन्हा निवडून आले आणि २०१४ ची निवडणूकही जिंकले. ३० जुलै २०२१ रोजी त्यांचे निधन झाले. पक्ष लहान, मतदारसंघ दुष्काळी, परंतु दर खेपेस ते स्वतःच्या मतदारांसमोर गेले. पडण्याचा अधिकार त्यांनी मतदारांच्या हाती ठेवला होता. गवईंच्या मतदारांना, म्हणजे तुमच्या-आमच्या लोकांना, परिषदेच्या बाबतीत तो अधिकार कधी नव्हताच. मात्र तुलना करताना न्यायाने करावी. सांगोल्याच्या देशमुखांस कोणी धर्म विचारून न्यायालयात खेचणार नव्हते.

परिषदेतील त्या तीस वर्षांपैकी चौदा वर्षे गवई अध्यक्षस्थानाशी बांधलेले होते. अध्यक्षस्थानी बसणाऱ्याचा धर्म निःपक्षपातीपणाचा. तो प्रथम मत देत नाही. मते समसमान पडली तरच निर्णायक मत देतो. पक्षाची बाजू मांडण्यास त्याचे तोंड बांधलेले असते. त्याच काळात, १९६९ ते १९७२, बॅरिस्टर भाऊराव खोब्रागडे राज्यसभेचे उपसभापती होते. म्हणजे एकाच वेळी दिल्ली आणि मुंबई या दोन्ही ठिकाणी आपले दोन बुद्धिमान वक्ते इतरांच्या भाषणाची वेळ मोजीत बसले होते! आम्ही हे उपहासाने लिहीत नाही. ज्या समाजाला गावच्या चावडीवर पायरीखाली उभे राहावे लागे, त्या समाजाचा मनुष्य ‘शांत राहा’ म्हणताच मंत्री खाली बसतात, या दृश्याचे मोल फार मोठे आहे. पण मोठेपणा मिळाला आणि बोलणारा गेला, असाही त्याचा हिशेब आहे. खुर्चीवरून काम होत नाही, असे मात्र म्हणू नका. गवई दहा वर्षे ज्यांचे उपसभापती होते ते सभापती वि. स. पागे हेच रोजगार हमी योजनेचे जनक. त्या योजनेचा कायदा १९७७ साली झाला आणि भूमिहीन मजुरास काम मागण्याचा हक्क मिळाला.

या तीस वर्षांतला सर्वांत जड दिवस २७ जुलै १९७८ हा होय. मराठवाडा विद्यापीठास बाबासाहेबांचे नाव द्यावे असा ठराव त्या दिवशी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मंजूर केला. परिषदेचे सभापती होते गवई. मुख्यमंत्री होते शरद पवार. ठराव झाला, आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. माणसे मारली गेली, कुटुंबे गावे सोडून पळाली, आणि शासनाने अंमलबजावणी थांबविली. १९७९ साली नागपुराहून लाँग मार्च निघाला. मोर्चे निघत राहिले, तुरुंग भरत राहिले. नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी स्वतःस जाळून घेतले. अखेरीस १४ जानेवारी १९९४ रोजी ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ हे नाव लागले, तेही प्रदेशाचे नाव कायम ठेवून. गवईंच्या परिषदेतील कारकिर्दीचे ते शेवटचे वर्ष. जो ठराव त्यांच्या सभागृहात झाला त्याच्या अंमलास त्यांची उरलेली सारी कारकीर्द लागली.

वाचकहो, ठराव म्हणजे कायदा नव्हे. ठरावाने सभागृहाचे मत कळते. तो पाळला नाही म्हणून कोणास शिक्षा होत नाही. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले करण्याचा रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबईच्या कौन्सिलात १९२३ साली मंजूर झाला होता. तरीही १९२७ साली चवदार तळ्याचे पाणी पिण्यास हजारो माणसांसह बाबासाहेबांस महाडला जावे लागले. आणि कायदा तरी लवकर होतो काय? महार वतनाचे जोखड काढण्याचे विधेयक बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात मांडले. कनिष्ठ ग्रामवतने नाहीशी करणारा कायदा १९५८ साली झाला आणि १९५९ पासून अंमलात आला. विधेयक मांडणारा तो दिवस पाहण्यास राहिला नव्हता.

ही वतनाची गोष्ट तळेगावकरांस दूरची नाही. याच परिसरात बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोडला बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. याच तळेगावात त्यांचा बंगला आहे. आणि याच पट्ट्यात, मावळपासून चाकणपर्यंत, कारखाने आणि गृहसंकुले यांमुळे जमिनीस सोन्याचा भाव आला आहे. १९५८ च्या कायद्याने वतनाची जमीन मूळ वतनदारांस परत मिळण्याची वाट केली, परंतु ती नव्या शर्तीने. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून ती विकता येत नाही. ज्यांच्या आजोबांच्या नावाने अशी जमीन होती त्यांनी तलाठ्याकडून सातबारा आणि जुने फेरफार काढून पाहावेत. ‘इतर हक्क’ या रकान्यात काय लिहिले आहे ते स्वतः वाचावे, किंवा घरातील शिकलेल्या मुलीकडून वाचवून घ्यावे. कोरा कागद अथवा न वाचलेले कुलमुखत्यारपत्र कोणी पुढे केले तर सही करू नये, मग तो कागद आणणारा निळा झेंडा घेऊन आला तरीही.

येथेच आमदाराचा उपयोग सुरू होतो. या तालुक्यात वतनाच्या किती जमिनींस विक्रीची परवानगी दिली गेली, कोणास, केव्हा, मूळ वारसांस किती रक्कम मिळाली, हे प्रश्न सभागृहात विचारता येतात. तारांकित प्रश्न आहे, लक्षवेधी सूचना आहे, अर्ध्या तासाची चर्चा आहे. मंत्र्यास उत्तर द्यावे लागते आणि ते उत्तर छापले जाते. हार घालून, छायाचित्र काढून, दीक्षा समारंभास आमदार आला म्हणून कृतार्थ होण्यापेक्षा त्याला एक लेखी प्रश्न द्या, आणि पुढच्या अधिवेशनानंतर उत्तराची प्रत मागा. विधानसभेच्या आमदारास द्या, तसाच परिषदेच्या आमदारासही द्या. तळेगावच्या नगरसेवकांस पुणे स्थानिक प्राधिकारी मतदारसंघात मत आहे. त्यांनी ते कोणास दिले, हे त्यांस विचारण्याचा तुम्हांस पूर्ण अधिकार आहे. मतदान गुप्त आहे खरे, पण प्रश्न विचारण्यास बंदी नाही.

आणखी एक वाट गवईंच्या तरुणपणी आपल्या घरांतून फार थोड्यांस खुली होती. आज ती शेकडोंना खुली आहे. पदवीधर मतदारसंघात मत देण्यास पदवी मिळून तीन वर्षे झालेली असावी लागतात आणि मतदारसंघात वास्तव्य असावे लागते. तेथे जात कोणी विचारीत नाही, धर्मही विचारीत नाही. परंतु नेहमीच्या मतदार यादीत नाव आहे म्हणून या यादीत ते आपोआप येत नाही. ही यादी प्रत्येक निवडणुकीस नव्याने तयार होते. मागील खेपेस नाव होते म्हणून या खेपेस असेल असे समजू नये. पुणे पदवीधर मतदारसंघाची निवडणूक डिसेंबर २०२० मध्ये झाली होती आणि सभासदाची मुदत सहा वर्षांची असते. अर्जास नमुना १८ म्हणतात. शिक्षकांसाठी नमुना १९ आहे. सोबत पदवी प्रमाणपत्राची किंवा गुणपत्रिकेची साक्षांकित प्रत जोडावी लागते. तीन वर्षे १ नोव्हेंबर या तारखेस धरून मोजतात. घरात पदवीधर सून असेल तर तिचा अर्ज मुलाच्या अर्जाबरोबरच भरा. विवाहानंतर नाव बदलले असल्यास त्याचा पुरावा आधीच काढून ठेवा, कारण ऐनवेळी अर्ज अडतो तो येथे.