दोघांची तपासणी एकाच दिवशी

सिंदी (मेघे) हे वर्धा शहराला लागून असलेले गाव. इथल्या माणसाला मोठ्या रुग्णालयासाठी नागपूरच गाठावे लागते असे नाही. एकीकडे सेवाग्रामला १९६९ मध्ये सुरू झालेले वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचे कस्तुरबा रुग्णालय आहे, दुसरीकडे सावंगी (मेघे) येथे आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय. तरीही लग्नाला दोन-तीन वर्षे होऊन पाळणा हलला नाही की दवाखान्याची पायरी चढते ती बहुधा सूनच. सोबत सासू किंवा आई. तिचे रक्त तपासले जाते, सोनोग्राफी होते, गर्भनलिका मोकळ्या आहेत का हे पाहण्यासाठी वेदनादायी एक्स-रे काढला जातो, प्रसंगी दुर्बिणीची तपासणीही होते. नवऱ्याची तपासणी मात्र 'पुढे पाहू' म्हणून राहते.

याची मुळे आपल्या भाषेतही आहेत. मूल नसलेल्या बाईला 'वांझ' म्हणतात, तिची 'कूस उजवली नाही' असे म्हणतात. पुरुषासाठी असा रोजच्या वापरातला शब्द नाही. जो आहे तो 'नपुंसक', आणि त्याचा अर्थच वेगळा. शरीरसंबंध ठेवता येणे आणि वीर्यात पुरेसे शुक्राणू असणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. ज्याचे वैवाहिक जीवन सुरळीत आहे अशा धडधाकट पुरुषाच्या वीर्यातही एकही शुक्राणू नसू शकतो. बाहेरून ते कळत नाही. म्हणून 'माझ्यात काय खोट असणार' हा विश्वास तपासणीशिवाय निराधार आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगातील सुमारे सहापैकी एका व्यक्तीला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाला सामोरे जावे लागते. अशा जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांमध्ये पुरुषाकडील दोष हे एकमेव किंवा अनेकांपैकी एक कारण असते. हे ओळखण्याची पहिली पायरी म्हणजे वीर्यतपासणी. ती स्वस्त आहे, तिला सुई लागत नाही, भूल लागत नाही. दोन ते सात दिवस संयम पाळून नमुना द्यायचा आणि तो तासाभरात प्रयोगशाळेत पोहोचवायचा. २०२१ च्या निकषांनुसार एका मिलिलिटरमध्ये १ कोटी ६० लाख शुक्राणू आणि एकूण ४२ टक्के हालचाल ही खालची मर्यादा मानली जाते. आकडा त्याखाली गेला म्हणजे मूल होणारच नाही, असे मात्र नाही. शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात. मधल्या काळात मोठा ताप येऊन गेला असेल, तर त्याचाही परिणाम दिसतो. म्हणून एका अहवालावर निकाल न देता तपासणी पुन्हा करावी लागते.

दोष आढळला तरी बरेच काही करता येते. डॉक्टर वृषणांची प्रत्यक्ष तपासणी करतात आणि संप्रेरके पाहतात. अंडकोशातील शिरा फुगल्या असतील तर निवडक रुग्णांत शस्त्रक्रियेने फायदा होतो. मार्ग बंद असेल तर तो कधी मोकळा करता येतो, कधी वृषणातूनच शुक्राणू काढता येतात. एकच शुक्राणू स्त्रीबीजात सोडण्याचे 'इक्सी' तंत्र १९९२ पासून जगात वापरात आहे. लहानपणी वृषण खाली न उतरणे, वयात आल्यावर गालगुंड होणे, गुणसूत्रांतील दोष अशी कारणेही या तपासणीतून पुढे येतात. क्वचित वृषणाच्या कर्करोगासारखा आजारही वेळेत सापडतो.

काही गोष्टी पुरुषाच्या स्वतःच्या हातात आहेत. विदर्भात गल्लोगल्ली मिळणारा खर्रा, सिगारेट, अतिमद्यपान, लठ्ठपणा यांचा शुक्राणूंशी संबंध अभ्यासांत दिसला आहे. व्यायामशाळेत 'ताकदीसाठी' घेतलेले टेस्टोस्टेरॉनचे इंजेक्शन तर उलटेच काम करते. बाहेरून हार्मोन मिळाले की मेंदूकडून वृषणांना जाणारा संदेश थांबतो आणि शुक्राणूंची निर्मिती जवळपास बंद पडू शकते. 'गुप्तरोगा'च्या जाहिरातींतून मिळणाऱ्या पुड्यांत काय आहे हे न कळता त्या घेणे असेच धोक्याचे.

टाळाटाळीत सर्वांत मोठे नुकसान वेळेचे होते, आणि ते पत्नीच्या वयात मोजावे लागते. पस्तिशीनंतर स्त्रीबीजांची संख्या आणि गुणवत्ता झपाट्याने घटते. नवऱ्याची तपासणी तीन वर्षे पुढे ढकलली, तर त्याच्या दोषावर उपचार असूनही तिची संधी निघून जाऊ शकते. त्या तीन वर्षांत तिने ऐकलेले टोमणे, घेतलेली औषधे, केलेले उपवास वेगळेच. काही घरांत तर दुसऱ्या लग्नाचीही भाषा सुरू होते.

म्हणून मागणी साधी आहे. पत्नीवर त्रासदायक तपासणी किंवा शस्त्रक्रिया करण्याआधी पतीचा वीर्यतपासणी अहवाल पाहणे हा प्रत्येक दवाखान्याचा नियम असावा. ग्रामीण रुग्णालयांत ही तपासणी आणि नमुना देण्यासाठी आडोशाची स्वच्छ खोली असावी. आशाताईंसोबत पुरुष आरोग्य कर्मचाऱ्यांनीही या विषयावर घरातल्या पुरुषांशी बोलावे. पुढचा उपचार लागलाच तर तो २०२१ च्या कायद्याखाली नोंदणी झालेल्या केंद्रातच घ्यावा.

रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू करून असे विषय मराठीत उघडपणे मांडले, त्याला शतक होत आले. वर्षभर प्रयत्न करूनही दिवस गेले नसतील, पत्नी पस्तिशीपुढची असेल तर सहा महिन्यांतच, दोघांनी मिळून दवाखान्यात जावे. नवऱ्याने बाहेर मोटारसायकलवर थांबू नये, आत यावे.