व्यक्ताकडून अव्यक्ताकडे

श्रीनिवास रामानुजन यांचा जन्मदिवस, २२ डिसेंबर, हा २०१२ पासून राष्ट्रीय गणित दिवस म्हणून देशभर साजरा होतो. गिरगाव, दादर, परळ, लालबाग या परिसरातील शाळांतही त्या दिवशी फलक लागतात, भाषणे होतात. शून्य भारताने जगाला दिले, हे वाक्य त्या दिवशी हमखास कानी पडते. ते अभिमानाने उच्चारावे असेच आहे. परंतु हे भाषण करून टाळ्या मिळविणारा आठवीतला मुलगा संध्याकाळी चाळीतल्या खोलीत बीजगणिताची वही उघडतो आणि ‘क्ष’ दिसताच त्याचा चेहरा उतरतो, हेही तितकेच खरे आहे. भाषण आणि वही यांच्यामधील अंतराचा विचार आपण करणार आहोत की नाही, हा आजचा प्रश्न आहे.

या प्रश्नाला तातडीचे एक कारण आहे. दहावीला गणितात किंवा विज्ञानात ३५ ऐवजी किमान २० गुण मिळाले तरी, पुढे त्या विषयांकडे वळता येणार नाही असा शेरा स्वीकारून विद्यार्थ्याला अकरावीत जाता यावे, अशी तरतूद २०२४ च्या राज्य अभ्यासक्रम आराखड्यात मांडण्यात आली. नापासाचा शिक्का बसून शिक्षणच सुटणाऱ्या मुलांचा विचार केला, तर त्यामागील कणव समजण्यासारखी आहे. पण असा शेरा कोणत्या घरातील मुलांच्या वाट्याला अधिक येईल? ज्यांना शिकवणीचे शुल्क परवडते त्यांच्या खचितच नव्हे. १९८२ च्या संपानंतर गिरणगावातील भोंगे एकेक करून थांबले आणि गिरण्यांच्या जागी काचेचे मनोरे उभे राहिले. त्या मनोऱ्यांत गिरणी कामगाराचा नातू कोणत्या कामासाठी प्रवेश करणार? कोणतेही काम हलके नसते. मात्र काम निवडण्याचे स्वातंत्र्य त्याला असावे. ते स्वातंत्र्य बऱ्याच अंशी आठवी-नववीच्या बीजगणितापाशी ठरते.

आपल्या गणितींनी अंकगणिताला ‘व्यक्तगणित’ आणि बीजगणिताला ‘अव्यक्तगणित’ म्हटले. या दोन शब्दांतच अध्यापनाची दिशा सांगितलेली आहे. जे समोर दिसते, मोजता येते, तेथून निघावे आणि जे अद्याप ठाऊक नाही त्यापर्यंत पोहोचावे. अज्ञात राशींना आपल्याकडे ‘यावत्तावत्’ म्हणत. एकाहून अधिक अज्ञात आले की कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे देत. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास ‘लीलावती’ रचली तेव्हा भुंगे, हंस, कमळे अशा डोळ्यांपुढच्या गोष्टींतून प्रश्न विचारले. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी खानदेशात चाळीसगावजवळील पाटण येथे मठ स्थापन केला. त्याची साक्ष देणारा १२०७ चा शिलालेख उजेडात आणला तो मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड यांनी. भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयाला आज त्यांचेच नाव आहे. गणित शिकविण्यासाठी संस्था उभी करणे ही आपली परंपरा आहे. त्या परंपरेचा केवळ जयजयकार करणे सोपे, ती चालविणे अवघड.

मुलाचे पाऊल प्रथम अडखळते ते ‘क्ष’पाशी नव्हे, त्याच्या कितीतरी आधी. २०१९ च्या जून महिन्यात दुसरीच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकावरून मोठे वादळ उठले होते, हे वाचकांना स्मरत असेल. ‘सत्तावीस’ याच्या जोडीला ‘वीस सात’ असेही संख्यावाचन त्यात दिले होते. मराठी मोडली, असा आक्षेप झाला. समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर (१९४३–२०२३) या स्वतः कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केलेल्या गणितज्ञ आणि ‘गणिताच्या सोप्या वाटा’सारखे पुस्तक लिहिणाऱ्या लेखिका. त्यांचे म्हणणे साधे होते. ‘सत्तावीस’ म्हणताना सात आधी उच्चारला जातो, लिहिताना दोन आधी येतो. जोडाक्षरांची भर पडते आणि लहान मूल गोंधळते. आपल्या भाषेतील संख्यानामांचा अभिमान आम्हालाही आहे. अंक उजवीकडून डावीकडे, एककापासून मोजण्याचा जो जुना संकेत आपल्या ग्रंथांत आहे, त्याच्याशी ‘सत्तावीस’ हा शब्द जुळणारा आहे. तो टिकलाच पाहिजे. पण तो टिकविण्याचा मार्ग त्यामागील अर्थ मुलाला सांगणे हा आहे. सत्तावीस म्हणजे दोन दशक आणि सात एकक, हे त्याला कळले की ‘वीस सात’चे भांडण उरत नाही.

याच ठिकाणी बीजगणिताचे दारही उघडते. सत्ताविसाऐवजी मुलाने ७२ लिहिले, तर चूक किती झाली? ४५ ची. एकोणचाळिसाऐवजी ९३ लिहिले, तर ५४ ची. चाळिसावर एक, म्हणजे ४१ ऐवजी १४ लिहिले, तर २७ ची. या तिन्ही फरकांना नऊने नि:शेष भाग जातो. हा योगायोग आहे काय? दशकाचा अंक ‘क’ आणि एककाचा अंक ‘ख’ मानला, तर संख्या १०क + ख. अंक उलटले की १०ख + क. दोहोंतील फरक ९क – ९ख, म्हणजेच ९(क – ख). दोन अंकी कोणतीही संख्या घ्या, हेच घडणार. जुने हिशेबनीस ताळा जमला नाही आणि फरकाला नऊने भाग गेला, तर अंकांची अदलाबदल झाली असावी, असा संशय प्रथम घेत. त्यांच्या अनुभवामागे हे कारण होते. शंभर उदाहरणे करून जे केवळ वाटते, ते दोन अक्षरांत सिद्ध होते. अक्षरे येतात ती यासाठी, मुलाला छळण्यासाठी नव्हे.

दुसरा अडथळा बरोबरच्या चिन्हाचा. ८ + ४ = __ + ५ असे लिहून रिकाम्या जागी कोणती संख्या येईल, हे आपल्या घरातील मुलाला विचारून पाहावे. पुष्कळ मुले १२ लिहितात. ‘बरोबर’ म्हणजे ‘आता उत्तर लिहा’ असा हुकूम, एवढाच अर्थ त्यांच्या मनात रुजलेला असतो. अशा मुलाला लालबागच्या मसाल्याच्या दुकानातील तागडी आठवून द्यावी. एका पारड्यात मिरचीच्या दोन सारख्या पिशव्या आणि एक किलोचे वजन, दुसऱ्यात सात किलो, काटा मध्यभागी. दोन्हीकडून एकेक किलो काढले, तरी काटा हलत नाही. दोन पिशव्या सहा किलो, एक पिशवी तीन किलो. २क्ष + १ = ७ हे समीकरण त्याने सोडविलेले असते. पक्षांतर करताना चिन्ह का बदलते, हेही त्याला तागडीच सांगते.

‘क्ष’ म्हणजे वस्तू नव्हे, संख्या, हेही आरंभीच स्पष्ट करावयास हवे. ‘पाच आं म्हणजे पाच आंबे’ असे सांगून सुरुवात करणारे पुढे मुलाला अडचणीत टाकतात. अक्षर उभे असते ते आंब्यांच्या संख्येसाठी किंवा किमतीसाठी. गिरगावातल्या वाडीतील गणेशोत्सवाचा हिशेब घ्यावा. ४० बिऱ्हाडे, सर्वांची वर्गणी सारखी, गतवर्षीची शिल्लक २,००० रुपये, एकूण जमा २२,००० रुपये. प्रत्येकी वर्गणी किती? मुलगा आधी शिल्लक वजा करतो, मग ४० ने भागतो आणि ५०० म्हणतो. तो ४०क्ष + २,००० = २२,००० सोडवीत असतो; फक्त ते त्याला कोणी सांगितलेले नसते.

ऋण संख्यांचे भयही असेच निराधार आहे. ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये धन, ऋण आणि शून्य यांच्या गणिताचे नियम सांगितले, तेव्हा शब्दच संपत्ती आणि कर्ज यांचे वापरले. जवळ ३०० रुपये आणि वाण्याची उधारी १००, तर खरी शिल्लक २००. वाण्याने ती उधारी खोडली, की शिल्लक ३००. म्हणजे २०० – (–१००) = ३००. कर्ज वजा होणे ही मिळकतच. पेटीतून दरमहा ५० रुपये कमी होत असतील, तर तीन महिन्यांपूर्वी तीत आजच्यापेक्षा १५० रुपये अधिक असणार. (–५०) × (–३) = १५० हे मग पाठ करावे लागत नाही.

येथे थोडे आत्मपरीक्षणही अगत्याचे आहे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकीचा परवचा घरोघरी म्हटला जात असे, तो आज लोपला याची खंत आपण करतो. ती रास्त आहे. अपूर्णांक जिभेवर असलेल्या मुलाला बीजगणित जड जात नाही. पण निमकी म्हणजे अर्ध्याचा पाढा, हे न समजता केलेले पाठांतरही अपुरेच. वैदिक गणिताच्या वर्गांबाबतही असेच म्हणावे लागेल. स्वामी भारती कृष्णतीर्थांचे पुस्तक त्यांच्या पश्चात १९६५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील सूत्रे ज्ञात वेदवाङ्मयात आढळत नाहीत, हे त्या पुस्तकाच्या संपादकांनीच प्रांजळपणे नोंदविले आहे. तरीही रीती सुंदर आहेत. ९८ × ९७ करताना शंभराला दोन व तीन कमी; शंभरातून पाच गेले ९५, दोन त्रिक सहा; उत्तर ९५०६. मुले थक्क होतात. मात्र वर्ग तेथेच संपू नये. असे का होते, हा प्रश्न विचारला की (१०० – क)(१०० – ख) येते आणि चमत्काराचे ज्ञान होते. ब्रह्मगुप्ताने शून्याला शून्याने भागून शून्यच येते असे म्हटले. ते आज ग्राह्य नाही. भास्कराचार्यांनी शून्याने भागलेल्या राशीचा ‘खहर’ म्हणून निराळा विचार केला. पूर्वसूरींना वंदन करून प्रश्न विचारण्याची ही रीत आपलीच आहे.

गिरगाव चौपाटीवर ज्यांचा पुतळा उभा आहे, ते लोकमान्य टिळक गणित घेऊन पदवीधर झाले आणि न्यू इंग्लिश स्कूल व फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी गणित शिकविले. राष्ट्रकार्य आणि फळा-खडू यांत त्यांना अंतर वाटले नाही. आपल्या कार्यकर्त्यांत अभियंते आहेत, बँकेतील अधिकारी आहेत, निवृत्त शिक्षक आहेत. चाळीच्या गच्चीवर, मंडळाच्या कार्यालयात, पुनर्विकसित इमारतीच्या सभागृहात आठवड्यातून दोन तास पाच-सहा मुलांना घेऊन बसणे त्यांना अशक्य नाही. महागडे साहित्य लागत नाही; एक तागडी, थोडी नाणी आणि न रागावता ‘का?’ विचारू देणारा माणूस पुरेसा आहे. घरातील आजी-आजोबांनी हिशेबाची वही नातवंडाच्या हाती दिली, तरी आरंभ होईल.

पुढच्या २२ डिसेंबरला शून्यावरील भाषण अवश्य व्हावे. मात्र ते करणाऱ्या मुलाला सत्तावीस आणि बहात्तर यांतील फरकाला नऊने भाग का जातो, हेही सांगता यावे, एवढी व्यवस्था मधल्या काळात आपण करू या.