दरपत्रक मागायला लाजू नका



गणपतीची वर्गणी, मराठी शाळेची नोंदणी आणि येऊ घातलेल्या नाटकाची तिकिटे यांच्या शेजारी मर्तिकाच्या खर्चावर संपादकीय वाचून काहींच्या कपाळाला आठी पडेल. अभद्र बोलू नये, वास्तुपुरुष तथास्तु म्हणतो, हे ऐकत आपण मोठे झालो. पण मंडळाच्या फोनवर हल्ली ‘ढोल-ताशाचा सराव कुठे असतो?’ याच्या जोडीला ‘रात्री बाबा गेले, इथे आता काय करायचं असतं?’ असेही विचारले जाते. सत्तरच्या दशकात दोन सुटकेसा घेऊन अमेरिकेत आलेली पिढी आता ऐंशीच्या घरात आहे, आणि नातवंडांसाठी सहा महिने येऊन राहणारे आईवडीलही त्याच वयाचे आहेत. तेव्हा घरात सगळे ठणठणीत असताना एकदा बोलून घेऊ.

गावाकडे कुणी गेले की चार माणसे न बोलावता येतात. एक डॉक्टरचा दाखला घेतो, एक पालिकेचा पास काढतो, तिसरा बांबू, मडके, गोवऱ्या घेऊन येतो. त्या दिवशी कोणी किती खिशातून घातले हे तेराव्यानंतरही नीट कळत नाही. अमेरिकेत ही चारही माणसे म्हणजे एकटा फ्युनरल डायरेक्टर. शव हलवणे, ते शीतगृहात ठेवणे, मृत्यूची नोंद, दहनाचा परवाना, हॉल, गाडी, सगळे तोच बघतो आणि प्रत्येक गोष्टीचे पैसे लावतो. यात गैर काही नाही, तो त्याचा व्यवसाय आहे. गिऱ्हाईक मात्र रात्रभर जागलेले, रडलेले आणि कुठल्याही कागदावर सही करायला तयार असलेले असते. अशा वेळी घासाघीस करणे म्हणजे गेलेल्या माणसाचा अपमान, असे आपल्याला वाटते. बिल फुगते ते बहुतेक इथेच.

आकडे पाहू. नॅशनल फ्युनरल डायरेक्टर्स असोसिएशन ही या व्यावसायिकांचीच संघटना. तिच्या २०२३च्या पाहणीत अंत्यदर्शन, विधी आणि दफन यांचा मधला आकडा ८,३०० डॉलर होता, आणि दफनाऐवजी दहन केले तर ६,२८०. आता हे ६,२८० उलगडून बघा. प्रत्यक्ष दहनाची फी त्यात फक्त ४०० डॉलर आहे. सर्वांत मोठा आकडा २,४९५ डॉलरचा, ‘बेसिक सर्व्हिसेस फी’ या नावाचा. म्हणजे त्यांचे कार्यालय, माणसे आणि कागदपत्रे यांचा खर्च. हा टाळता येत नाही. त्यानंतर एम्बामिंगचे, म्हणजे शव रसायनांनी टिकवण्याचे, ८४५. मग शव सजवण्याचे, दर्शनाच्या हॉलचे, विधीच्या हॉलचे, छापील पत्रिकांचे आणि अस्थी ठेवायच्या कलशाचे वेगवेगळे. आपल्या अंत्येष्टीला यातले किती लागते? अग्नी लागतो, तासभर जागा लागते, गुरुजी लागतात. एम्बामिंग तर मुळीच लागत नाही.

मग ते यादीत आले कुठून? इथला सगळा व्यवसाय दफनावर उभा राहिला. यादवी युद्धात दूरवर पडलेल्या सैनिकांची शवे घरी पाठवण्यासाठी एम्बामिंग सुरू झाले, आणि १८६५ साली लिंकनचे शव वॉशिंग्टनहून स्प्रिंगफील्डपर्यंत रेल्वेने नेताना गावोगावच्या लोकांनी त्याचा परिणाम डोळ्यांनी पाहिला. पुढे उघड्या शवपेटीतले अंत्यदर्शन ही रीतच झाली. १९६० साली या देशात शंभरात चार जणांचेही दहन होत नव्हते. आज साठाहून अधिक जणांचे होते. ग्राहक बदलला, पण दरपत्रकाचा साचा बराचसा जुनाच राहिला. जेसिका मिटफर्ड या पत्रकार बाईंनी १९६३ साली ‘द अमेरिकन वे ऑफ डेथ’ लिहून या धंद्याची लक्तरे वेशीवर टांगली. सरकारी नियम यायला त्यानंतरही वीस-एकवीस वर्षे लागली.

तो नियम म्हणजे फेडरल ट्रेड कमिशनचा ‘फ्युनरल रूल’. १९८४पासून तो लागू आहे आणि सगळ्या पन्नास राज्यांत चालतो. आपल्यातल्या किती जणांनी त्याचे नाव ऐकले आहे, कोण जाणे. या नियमामुळे फ्युनरल होमला फोनवर भाव सांगावाच लागतो, आणि त्यासाठी तुम्ही नाव-पत्ता देण्याची गरज नसते. प्रत्यक्ष जाऊन चौकशी केलीत तर प्रत्येक बाबीचा वेगळा दर लिहिलेले छापील दरपत्रक तुमच्या हातात द्यावे लागते, आणि ते घरी नेता येते. पॅकेज घ्या असा आग्रह होईल. पण हवे तेवढेच निवडायचा हक्क तुमचा आहे. एम्बामिंग सरसकट सक्तीचे करणारा कायदा कुठल्याही राज्यात नाही, आणि ‘कायद्याने करावेच लागते’ असे खोटे सांगणे हा नियमभंग आहे. थेट दहनासाठी शवपेटी घ्यायलाच हवी असेही त्यांना म्हणता येत नाही. पुठ्ठ्याची किंवा साध्या लाकडी फळ्यांची पेटी ठेवावीच लागते. शवपेटी बाहेरून विकत आणलीत तर त्याबद्दल जादा आकार लावायला मनाई आहे.

नियम आहे म्हणून तो पाळला जातोच असे नाही. कमिशनने ग्राहक असल्याचे भासवून अडीचशेहून अधिक फ्युनरल होमना फोन केले आणि जानेवारी २०२४मध्ये त्यांपैकी ३९ जणांना ताकीद देणारी पत्रे धाडली. कोणी भाव सांगायला तयार नव्हते, तर कोणी एकाच सेवेचे दोन फोनवर दोन दर सांगितले होते. दरपत्रक संकेतस्थळावर टाकण्याची सक्ती या नियमात नाही, त्यामुळे फोन फिरवण्याला पर्याय नाही. दोन-तीन ठिकाणी विचारा. एकाच शहरात थेट दहनाचा दर दुप्पट-तिप्पट फरकाने ऐकू येतो, आणि कित्येकदा दोघांचीही दहनभट्टी एकच असते.

आता खास आपल्या गरजांबद्दल. ‘थेट दहन’ म्हणजे ‘डायरेक्ट क्रिमेशन’ हा सर्वांत स्वस्त प्रकार, पण त्यात कुटुंबाची उपस्थिती धरलेली नसते. शव नेतात, त्यांच्या सोयीने दहन करतात, काही दिवसांनी अस्थी देतात. मुलाने वा मुलीने अग्नी द्यायचा, म्हणजे इथल्या पद्धतीने बटण दाबायचे, तर ‘विटनेस क्रिमेशन’ असे स्पष्ट सांगावे लागते. त्याचा आकार वेगळा, माणसांच्या संख्येला मर्यादा आणि शनिवार-रविवारी बहुधा जादा. हॉल किती वेळ मिळेल, शवाला स्नान घालून नवी साडी किंवा धोतर घरच्यांना नेसवता येईल का, समई-उदबत्ती चालेल का, पेटीत तुळस, फुले, थोडे तूप ठेवता येईल का, हे आधी विचारा. अनेक फ्युनरल होमना आता हिंदू विधींची सवय आहे. पेसमेकर असेल तर आठवणीने सांगा. तो भट्टीत फुटतो, म्हणून आधी काढावा लागतो. अनेक राज्यांत मृत्यूनंतर चोवीस किंवा अठ्ठेचाळीस तास दहन करता येत नाही, शिवाय परवाना लागतो. ‘आजच संध्याकाळी उरकू’ हा हट्ट इथे चालत नाही. भारतातून भावंडे पोचेपर्यंत थांबायचे असेल तर शीतगृहाचा दिवसाचा दर विचारा. नुसत्या थांबण्यासाठी एम्बामिंग करून घेण्याची गरज नसते.

शव भारतात न्यायचे असेल तर गणित पूर्ण बदलते. तिथे एम्बामिंग लागते, त्याचे प्रमाणपत्र लागते, मोहोरबंद पेटी, मृत्यूचा दाखला, पासपोर्ट आणि भारतीय दूतावासाची परवानगी लागते, आणि विमान कंपनीचे मालवाहतुकीचे भाडे वेगळे. खर्च हजारो डॉलरमध्ये जातो. व्हिसावर इथे आलेल्या पालकांसाठी विमा घेताना आपण हृदयविकाराचा समावेश आहे का ते बघतो, वजावट बघतो. ‘रिपॅट्रिएशन ऑफ रिमेन्स’ या ओळीसमोरचा आकडा बघत नाही. तो बघा, आणि इथेच दहन केले तर किती देणार तेही बघा. अडचणीतल्या भारतीय नागरिकाचे शव मायदेशी पाठवायला दूतावासाकडे ‘इंडियन कम्युनिटी वेल्फेअर फंड’ असतो. तो गरजूंसाठी आहे, पण विचारायला हरकत नाही.

बहुतेक कुटुंबे मात्र इथे दहन करून अस्थी नाशिकला किंवा आळंदीला नेतात, आणि ते फारसे महाग नाही. विमानात कलश हातातल्या बॅगेत नेता येतो. क्ष-किरण आरपार जातील असा लाकडी किंवा प्लॅस्टिकचा असावा, कारण सुरक्षा कर्मचारी तो उघडत नाहीत आणि धातूचा असला तर अडवतात. इथेच समुद्रात विसर्जन करायचे तर किनाऱ्यापासून तीन सागरी मैल आत जावे लागते आणि तीस दिवसांत पर्यावरण खात्याला कळवावे लागते. जाता जाता एक आठवण: डॉ. आनंदीबाई जोशी १८८७ साली पुण्यात गेल्या, आणि त्यांच्या अस्थी उलट दिशेने, न्यू जर्सीच्या थिओडिशिया कार्पेंटर यांच्याकडे पाठवण्यात आल्या. न्यूयॉर्क राज्यात पोकीप्सी येथे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत आजही त्यांची शिळा आहे. आपल्यातल्या अनेकांना ती माहीतही नाही.

पैसे द्यायचे कुठून, हाही प्रश्न असतो, कारण फ्युनरल होम बहुधा आगाऊ पैसे मागते. नोकरीतला विमा मिळायला आठवडे लागतात. गेलेल्या माणसाच्या एकट्याच्या नावावर असलेल्या खात्याला लगेच हात लावता येत नाही, आणि पॉवर ऑफ अॅटर्नी मृत्यूबरोबर संपते, हे भल्याभल्यांना ठाऊक नसते. सोशल सिक्युरिटी एकरकमी २५५ डॉलर देते, तेही फक्त पती-पत्नीला किंवा पात्र मुलांना. त्यात हार-फुले येतील. आधीच पैसे भरून ठेवायच्या योजना विकणारे भेटतील. दुसऱ्या राज्यात राहायला गेलो तर काय, रद्द केली तर किती परत, याची लेखी उत्तरे मिळाल्याशिवाय सही करू नका. त्यापेक्षा बँकेत एक छोटे खाते उघडून ‘पेएबल ऑन डेथ’ म्हणून मुलाचे किंवा मुलीचे नाव लावणे आम्हाला बरे वाटते. पैसे आपल्याच ताब्यात राहतात आणि वेळेला लगेच मिळतात.

तरुण सभासदांना वाटेल की हे आजी-आजोबांपुरते आहे. एच-वन व्हिसावर आलेल्या कुणाचा अपघात होतो, रातोरात ऑनलाइन मदतनिधी उभा राहतो आणि आपण सगळे शंभर-शंभर डॉलर टाकतो. टाकावेतच. पण साधा मुदत विमा आणि वारस म्हणून योग्य नाव, एवढे केलेले असेल तर त्या बायकोला किंवा नवऱ्याला त्या आठवड्यात झोळी पसरावी लागत नाही.

कार्यकारिणीने यासाठी एक काम हाती घेतले आहे. आपल्या परिसरातल्या फ्युनरल होमची दरपत्रके मागवून थेट दहन, विटनेस क्रिमेशन, हॉल आणि शीतगृह यांच्या दरांचा तक्ता पुढच्या अंकात छापायचा आहे. ज्या कुटुंबांनी गेल्या चार-पाच वर्षांत हा प्रसंग निभावला, त्यांनी आपल्या बिलाची प्रत, नावे खोडून, महिनाअखेरपर्यंत संपादकांकडे पाठवावी. कुठे विनाकारण पैसे गेले आणि कुठे माणुसकीने वागवले गेले, हे दोन ओळींत लिहिलेत तर इतरांना त्याचा फार उपयोग होईल.